तापलेला फोन

आमच्या वरोरला माणूस एक वेळ एटीएमचा पिन सांगेल, पण मासा कुठे लागला ते सांगणार नाही. सख्ख्या भावाला नाही, बायकोला तर नाहीच नाही. घोळ मासळी कुठल्या खडकाशी येते, जाळं कुठे अडकून फाटतं, बुडालेलं जुनं गलबत नेमकं कुठे पडलंय, या जागांना आमच्याकडे पॉइंट म्हणतात. पूर्वी ते डोक्यात असायचे. किनाऱ्यावरचं अमुक झाड आणि मागचा महालक्ष्मीचा सुळका एका रेषेत आला की टाक जाळं, असा हिशेब. आता जीपीएसमध्ये आकडे असतात, पण तोंडाला कुलूप तेच. माझा नवरा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, बोटीवरचा मुख्य. त्याने हे पॉइंट बापाकडून घेतले, आणि बापानेही अंथरुणाला खिळल्यावरच सांगितले. ते याने जीपीएसमध्येही घातले नाहीत, डोक्यातच ठेवले. लग्न झाल्यापासून मी त्याने आणलेली घोळ डहाणूच्या बाजारात विकत आले, पण ती कुठून येते ते मला ठाऊक नव्हतं. एकदा विचारलं होतं. म्हणाला, "समुद्रातून."

मी त्याला अरे-तुरे करते. आम्ही एकाच वाडीत वाढलो, त्याचं शेंबडं नाक मी पाहिलेलं आहे, आता अहो कुठून आणू? बाजारातल्या बायका हसतात. हसू देत.

त्याला साखरेचा आजार तरुणपणापासूनचा. गोळ्यांवर भागणारा नाही, रोज इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागते असा. सुईचं त्याला कधी काही वाटलं नाही. खरा घोर वेगळाच होता. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर कधी कधी एकदम उतरते, तेव्हा घाम फुटतो, हात कापतात, माणूस काहीतरी गोड तोंडात टाकतो आणि वाचतो. याला घाम फुटायचाच नाही. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांत शरीर ते सांगायचं विसरलंय. हा चांगला बोलता बोलता अडखळायचा, मग उगाच चिडायचा, मग डोळे फिरवायचा. एकदा बोटीवरच तसं झालं. खलाशी हसत बसले, त्यांना वाटलं तांडेल दारू टाकून आलाय. एकाने थट्टेत देवीपुढचा पेढा त्याच्या तोंडात कोंबला, म्हणून त्या दिवशी तो घरी आला.

त्यानंतर डॉक्टरांनी समुद्र बंद केला. तो अख्खा मोसम आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. बोट दुसऱ्याच्या हाती, आणि हा माझ्यासोबत डहाणूच्या बाजारात पाट्या उचलायला. एखादी बाई पापलेटाचे कल्ले उघडून बघायला लागली की हा तिच्यावर ओरडायचा, "अगं, काल पोहत होतं ते!" माझी जुनी गिऱ्हाइकं तुटायला लागली. घरी आला की समुद्राकडे पाठ करून बसायचा. एकदा जेवता जेवता म्हणाला, "त्यापेक्षा त्या दिवशी पेढा नसता दिला तर बरं होतं." मी ताट उचलून आत गेले.

मग त्याच डॉक्टरांनी ते बटण दाखवलं. दंडावर चिकटवायचं, रुपयाएवढं, पांढरं. त्याची केसाएवढी सुई कातडीत राहते आणि साखर किती आहे ते फोनला कळवत राहते. साखर सत्तरच्या खाली गेली की फोन बोंबलतो. नेट नसलं तरी चालतं, फोन फक्त अंगावर पाहिजे. त्यासाठी चांगला फोन लागत होता, तो आम्ही घेतला. बटण दर काही दिवसांनी बदलावं लागायचं, ते तलासरीच्या मेडिकलमध्ये वापीहून मागवून मिळायचं, मी एसटीने जाऊन आणायचे. डॉक्टर म्हणाले, हे लावून, एका तरी माणसाला शिकवून, मग जा बाबा समुद्रात.

एकाला कशाला, मी सगळ्या खलाशांना अंगणात बसवून शिकवलं. "फोन ओरडला, किंवा तांडेल वेड्यासारखं करायला लागला, तर आधी आकडा बघायचा. सत्तरच्या खाली असला तर साखरेचं पाणी तोंडात घालायचं. तो शिव्या देईल, देऊ दे. वर असला तर गोड अजिबात द्यायचं नाही, उलट होईल." पाठ म्हणवून घेतलं सगळ्यांकडून. मोठा खलाशी माझ्या दिराच्या वयाचा, तो मान डोलावत म्हणाला, "वहिनी, तू शाळेत मास्तरीण पाहिजे होतीस."

ते दिवस फार चांगले गेले. तोच आकडा माझ्याही फोनवर यायचा. बोट खोल समुद्रात असली की काही नाही, पण परत येताना टॉवर पकडला की माझ्या फोनवर आकडा उमटायचा, बोट नजरेला पडायच्या कितीतरी आधी. मी बाजारात बसल्या बसल्या बाजूच्या बायकांना सांगायचे, "निघा गं, आमचा आला, एकशे तीस." त्याही शिकल्या. त्यांच्या नवऱ्यांना आकडे नव्हते, म्हणून माझा हेवा करायच्या. दंडावर बटण लावून फिरणारा नवरा, आणि हेवा! मला मनातून केवढं बरं वाटायचं.

आता पुढचं मला नंतर कळलं, मोठ्या खलाशाकडून. बाहेरची एक बोट समुद्रात यांच्या बाजूला लागली, बर्फ मागायला. तशी देवघेव चालते, बर्फ, काडेपेटी, कधी कांदे. बोलता बोलता त्या बोटीवरच्या एकाने माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की फोनमध्ये घालायचं एक अॅप आलंय, आणि दमणपासून सातपाटीपर्यंतच्या सगळ्या तांडेलांचे पॉइंट त्यात आहेत. कोणी जमवले, कोणी टाकले, देव जाणे. नेट लागत नाही, या फोनमधून त्या फोनमध्ये जातं. आमच्या बाजूच्या कुठल्याही तांडेलाला हे नको म्हणता येणार नाही, हे मी आजही सांगते. दुसऱ्याचं कपाट उघडं दिसलं तर माणूस एकदा डोकावतोच. त्याच्या जुन्या फोनने ते घेतलं नाही, जागाच नव्हती. मग त्याने ते दंडावरच्या बटणाच्या फोनमध्ये घेतलं. फोन विचारत गेला, हे बघू का, ते वाचू का, आणि हा हो, हो, हो दाबत गेला. सगळ्या खलाशांना शपथ घातली, वाडीत शब्द काढायचा नाही.

मला एवढंच दिसलं की फोन तापतोय. चार्जिंगला लावताना हाताला चटका बसायचा. मध्येच पत्त्यांच्या जुगाराच्या जाहिराती यायच्या, एक बाई नाचत नाचत "खेळा, जिंका" म्हणायची. मी विचारलं, "इतका तापतो कशाला रे हा?"

"उन्हात राहिला."

"आणि ही बया कोण?"

"सगळ्यांच्याच फोनमध्ये येते ती."

तेवढं खरंच होतं, सगळ्यांच्याच फोनमध्ये येत होती. पण का येते ते कोण कोणाला विचारणार? विचारायचं म्हणजे तुझ्याकडेही ते आहे का असं विचारायचं, आणि आहे म्हणायचं म्हणजे मी तुझे पॉइंट चोरले असं तोंडाने कबूल करायचं. त्यामुळे वाडीतला प्रत्येक तांडेल आपला तापलेला फोन खिशात घालून गप्प बसला होता. मी त्या वेळी पाट्यांतल्या घोळी मोजत होते आणि खूश होते. इतकी घोळ आम्ही कधी आणली नव्हती.

त्या दिवशी दुपारी मी बाजारात होते. माझ्या फोनवर आकडा उमटला, एकशे अठरा. मी बाजूच्या बाईला म्हटलं, "आला माझा राजा. एकशे अठरा, अगदी टकाटक." आणि मी कर्ली कापायला घेतली. गिऱ्हाईक होतं समोर, काटे काढून पाहिजे म्हणत होतं. आकड्याच्या खाली बारीक अक्षरात वेळ असते, तो आकडा कधीचा आहे त्याची. ती वाचायला मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कधी वाचली नव्हती. तो सकाळचा आकडा होता.

मोठ्या खलाशाचा फोन आला तेव्हा मला आधी त्याचं रडणंच ऐकू आलं. बंदरावर रिक्षा मागवली होती, तिथून सरळ दवाखाना. मी हात न धुता धावले. डॉक्टरांनी त्याचं बोट टोचून थेंब त्यांच्या यंत्रावर घेतला. सव्वीस. माझ्या हातातल्या फोनवर अजून एकशे अठराच होता.

मोठा खलाशी दवाखान्याच्या पायरीवर बसला होता, त्याने माझे पाय धरले. "वहिनी, आम्ही बघितलं गं. तो सुकाणूवर बसल्या बसल्या वाकडा झाला, तसं आधी फोन बघितला, तू शिकवलंस तसं. एकशे अठरा होता. मी साखरेची बाटली हातात घेतली होती. परत ठेवली. वाटलं ऊन लागलं. डोक्यावर पाणी मारलं, मिठाचं पाणी दिलं."

मीच पाठ करून घेतलं होतं. वर असला तर गोड द्यायचं नाही. त्या बटणाच्या आधी हीच माणसं थट्टेत पेढा कोंबून मोकळी झाली होती.

तो जगला. लोक म्हणतात देवीची कृपा, मी मान हलवते. साखर फार वेळ खाली राहिली की मेंदूला इजा होते, डॉक्टरांनी समजावून सांगितलं. उजवा हात उचलतो, पण मूठ वळत नाही. चालतो, जेवतो, मला ओळखतो. मधले मधले शब्द गळून गेलेत. मिठाला "ते पांढरं" म्हणतो. डॉक्टरांना मी विचारलं, फोन खोटं का बोलला? ते म्हणाले, "बटण बरोबर होतं, फोनने घेतलं नाही. मोबाइलचं मोबाइलवाल्याला विचारा."

बटण आणायला तलासरीला जायचं होतंच, तिथेच नाक्यावरच्या मोबाइलवाल्याकडे फोन टाकला. त्याने बराच वेळ बोटं फिरवली. "बेन, यात तर कायपण भरलंय. हे पॉइंटवालं जे अॅप आहे ना, वायरसच आहे बघा. सगळी बॅटरी हेच खातं, बाकीच्यांना झोपवून ठेवतं. तुमचं साखरवालं यानेच झोपवलं असेल. नक्की मला पण नाय सांगता येणार, साखरेचं डॉक्टरला विचारा."

"मुद्दाम केलं?"

"मुद्दाम कशाला? त्याला बँकेचे मेसेज पाहिजेत, ओटीपी पाहिजे. साखर काय असते त्याला काय माहीत?" मग चहाचा घोट घेऊन म्हणाला, "उद्या कोणाला कळलं की फोनला माणूस लावलेला असतो, तर मुद्दाम पण करतील. पैसे टाक, नायतर आकडा दाखवणार नाय."

कोणी माझ्या नवऱ्याच्या वाइटावर असता तर मी त्याच्या दारात जाऊन त्याचं नाव घेऊन थुंकले असते. इथे कोणीच नव्हतं. कुठेतरी बसलेल्या कोणालातरी आमच्या बँकेतले चार पैसे पाहिजे होते, आणि मध्ये माझा माणूस आला. मी म्हटलं, उडव सगळं. त्याने फोन धुऊन नव्यासारखा करून दिला, साखरेचं अॅप परत घातलं. घरी आणून नवऱ्याच्या हातात दिला, तर तो डाव्या हाताने शोधत बसला. इकडे सरकव, तिकडे सरकव. "कुठे गेले?"

"काय?"

"माझे... ते... समुद्रातले."

मी म्हटलं, ते चोरीचे होते, गेले ते बरं झालं. तुझे स्वतःचे आहेत ना, बापाने दिलेले? तो उठला आणि किनाऱ्यावर गेला, मी मागे. पाठ समुद्राकडे करून उभा राहिला, डावा हात वर केला आणि महालक्ष्मीच्या सुळक्याकडे दाखवलं. "तो आणि..." हात तसाच हवेत. खाली किनाऱ्यावर ताड होते, शेवग्याची झाडं होती, शाळेची पाण्याची टाकी होती. "तो आणि..." बोट एकेका झाडावर जाऊन परत यायचं. बापाने मरताना सांगितलेलं सगळं पुसलं गेलं होतं, आणि त्याने ते कोणाला दिलेलं नव्हतं. तो वाळूत बसून लहान पोरासारखा रडला. मीही रडले. सुकत घातलेले बोंबील काढायचे होते, ते तसेच राहिले.

मच्छीमार सोसायटीची बैठक होती तेव्हा मी उठून उभी राहिले. बायका तिथे फारशा बोलत नाहीत, मी बोलले. "तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये ते पॉइंटचं भूत आहे. माझा माणूस त्याने अर्धा खाल्ला. उद्या तुमच्या घरात कोणाला बटण लागणार नाही कशावरून? मागच्या आळीतल्या काकीच्या छातीत मशीन आहे, तिचा रिपोर्ट पण फोनवरूनच जातो. आज काढा, माझ्यासमोर काढा."

एक म्हणाला, "आमच्याकडे नाही असलं काही." दुसरा म्हणाला, "आपण तर बापाच्या खुणांवर चालतो." तिसऱ्याने मान डोलावली, आणि त्याच वेळी कोणाच्या तरी खिशातून ती बया ओरडली, "खेळा, जिंका!" एकही माणूस हसला नाही. ज्याच्या खिशात होती त्याने खिसा दाबून धरला. मी म्हटलं, "मरा मेल्यांनो," आणि निघून आले. कोणी ते काढलं नाही. कसं काढतील? पॉइंट खरे होते. त्या मोसमात सगळ्यांच्या बोटी भरून आल्या.

गेल्या खेपेला डॉक्टर म्हणाले, आता आणखी चांगलं येतंय. पोटाला लावायचा छोटा पंप. फोन साखर वाचणार आणि तोच पंपाला सांगणार, इतकं इन्सुलिन दे. सुई टोचायचं काम नाही, विसरायची भीती नाही. याला आता स्वतःचं स्वतः करता येत नाही, तेव्हा विचार करा, असं म्हणाले.

"आणि फोन चुकला तर?"

"कंपनी त्याची काळजी घेते, ताई."

डॉक्टर भला माणूस आहे. पण मागच्या वेळी फोन नुसता गप्प बसला होता, तर ही गत झाली. आता सुईच त्याच्या हातात द्यायची? आणि नाही द्यायची तर मी बाजारात असताना याला कोण टोचणार, किती टोचणार? दोन्हीकडून मरणच दिसतं मला. मी विचार करून सांगते म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.

परवा मी बाजारातून आले. तो आतल्या खोलीत पंख्याखाली बसला होता, खिडकी लावलेली, फोन मांडीवर. दुपारी वाडीतली माणसं भेटून गेली होती. त्याची दया येते सगळ्यांना, येताना काहीतरी आणतात. मी फोन चार्जिंगला लावायला उचलला तर हाताला चटका बसला.

"कोणी दिलं हे?"

"कोणी नाही."

"फोन का तापलाय?"

त्याने माझ्याकडे बघितलं. शब्द शोधायला त्याला वेळ लागतो, पण हा लगेच सापडला. "ऊन," म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो फोन मी भिंतीवर आपटणारच होते. तेवढ्यात त्याने माझं मनगट धरलं, डाव्या हाताने, आणि मला खाली बसवलं. फोन माझ्याच हातात ठेवून त्याने बोटाने निळ्या पडद्यावर एक टिंब दाखवलं. "इथे," म्हणाला. "घोळ इथे लागते. हा बापाचा." कित्येक महिन्यांत असं सरळ वाक्य त्याच्या तोंडून आलं नव्हतं. मग दुसरं टिंब दाखवलं. "इथे जाळं फाटतं, इथे नाही जायचं." लग्नापासून जे मला कधी सांगितलं नाही ते तो मला एकेक करून सांगत होता, आणि खरं सांगत होता की समोर दिसतं ते वाचत होता, ते मला कळत नव्हतं. मी ऐकत राहिले. मी फोन आपटला नाही.

मध्येच ती बया नाचून गेली. ती गेल्यावर वरच्या कोपऱ्यात साखरेचा आकडा दिसला, एकशे चार. खालची वेळ वाचायला मी चष्मा शोधला, तो बाजारातच राहिला होता. तो पुढचं टिंब दाखवत होता आणि शब्दासाठी अडखळत होता. हल्ली तो अडखळतोच. मी त्याच्या मानेवर हात ठेवून घाम आहे का बघितलं. मान कोरडी होती. याला घाम फुटत नाही हे मला माहीत आहे, तरी मी हात तिथेच ठेवला, आणि दुसऱ्या हाताने त्याच्याजवळ कायम ठेवलेला साखरेचा डबा चाचपडत राहिले.